दुसरं वाचन

फॉर्म आधीच भरून ठेवला होता, सहीची जागा तेवढी रिकामी होती. रोज सकाळी जिथे मी पर्स ठेवते तिथेच तो पसरलेला, आणि उडून जाऊ नये म्हणून वर माझाच कप. नमुना क्रमांक अठरा, एकेचाळीस, त्रेसष्ट. बिघाडाचं कारण : सात. आमच्या प्रयोगशाळेत बिघाडांना नंबर आहेत, आणि सात म्हणजे 'हाताळताना पडली'. खाली बारीक अक्षरात 'हाताळणाऱ्याचं नाव', आणि तिथे माझं नाव, टाइप केलेलं, एकही चूक न करता. मी उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून, चष्मा पुसून परत वाचलं, कारण एका वाचनावर नोंद करायची नाही हा आमच्याकडचा पहिला नियम आहे आणि चोवीस वर्षांत तो अंगात इतका भिनलाय की घरातून निघताना कुलूपसुद्धा मी दोनदा ओढून बघते. दुसऱ्या वाचनातही सातच निघाला. कान तापले. अकरा वर्षांची असताना जेवणाच्या ताटासमोर तापले होते, अगदी तसेच.

मी डिस्क म्हाताऱ्या करते. काय काम करता असं कुणी विचारलं की मी हेच सांगते, समोरचा हसतो आणि पुढचं सांगायची वेळ येत नाही. घरातल्या साध्या कॉम्प्युटरमध्ये जी डिस्क बसते ती किती वर्षं टिकेल हे विकायच्या आधी सांगावं लागतं, आणि पाच वर्षं वाट बघत बसायला कुणाला सवड नसते. म्हणून पाच वर्षांचं लिहिणं-पुसणं आम्ही तिच्याकडून काही आठवड्यांत करून घेतो. मग तिची वीज काढायची आणि तिला ओव्हनमध्ये ठेवायचं. माणूस वर्षभर परगावी गेला, कॉम्प्युटर कपाटात बंद पडून राहिला, तर आत जे होईल ते ओव्हनच्या उष्णतेत काही दिवसांत होतं. आम्ही तिला अजून डिस्कच म्हणतो, पण तिच्यात आता चकती नाही, सुई नाही, हलणारं काहीच नाही. इवल्या इवल्या कप्प्यांत वीज कोंडून ठेवलेली असते, तीच तिची आठवण. लिहून पुसून, पुसून लिहून कप्प्यांच्या भिंती झिजतात, आणि झिजलेली डिस्क बंद करून ठेवली की कोंडलेली वीज हळूहळू पाझरायला लागते. म्हणून ओव्हनमधून काढून, थंड करून, वीज जोडून मी तिला विचारते, बाई गं, मी तुला काय सांगितलं होतं? आणि दोनदा विचारते. या वेळी सत्त्याहत्तर जणी होत्या. एकीने विसरलेलं चालतं, तेवढी मुभा असते. तीन विसरल्या. दोन्ही वाचनांत विसरल्या, एकाच जागी, एकाच तऱ्हेने. मी तसं लिहून दिलं होतं आणि घरी जाऊन शांत झोपले होते.

आमच्या साहेबांना आम्ही मागे 'सरासरी' म्हणतो. कुठलीही अडचण घेऊन गेलं की ते म्हणतात, 'अहो, पण सरासरी बघा ना.' एका मशिनचा पंखा जळाला तेव्हाही म्हणाले होते. वाईट माणूस नाही. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, मला मॅडम म्हणतो, माझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला स्वतः गाडी घेऊन आला होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तो वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. तो आला तेव्हा मी फॉर्म तिसऱ्यांदा वाचत होते.

'बघितलात ना मॅडम? मग सही करून टाका. चारला हेड ऑफिसच्या बाई येतायत, त्यांच्यापुढे फाइल ठेवायचीय.'

'मी पाडल्या नाहीत.'

'अहो, पाडल्या असं कोण म्हणतंय? निसटल्या असतील. माणसाचे हात आहेत, होतं.'

'तीन निसटल्या? तीन वेगवेगळ्या ट्रेमधून निवडून निवडून?'

तो हसला. त्याला हसू येत नव्हतं. 'तीन धरल्या तर सगळं पहिल्यापासून. तीन महिने गेले. आणि तीन बाजूला काढल्या तर चौऱ्याहत्तरपैकी चौऱ्याहत्तर पास. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही, मी सांगतो ना. एक छोटं ट्रेनिंग लावू नावाला. अर्ध्या तासाचा व्हिडिओ आहे.'

'कशाचा?'

'डिस्क कशी धरावी.'

तो हे बोलला आणि त्याची मान खाली गेली. मला त्या व्हिडिओचा राग आला, पण त्याहून जास्त राग आला तो 'तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही' याचा. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते आईच्या तोंडचं होतं, तिच्या हाताला कणकेचा वास होता आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. दाराशी जाऊन साहेब वळले. 'नियम माहितीये मला. तीन सातचा. पण त्याकडे कोण बघतंय?' असं म्हणून गेले. म्हणजे आठवत होतं त्यांना.

तो नियम कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, मामांच्या अक्षरात. मामा म्हणजे मला हे काम शिकवणारे म्हातारे तंत्रज्ञ, सगळ्यांचेच मामा. एका तुकडीत एकाच्या नावावर तीन सात झाले तर त्याचे हात टेबलावरून काढायचे, कागदावर बसवायचं, डिस्कला शिवू द्यायचं नाही. मामांच्या काळात ते बरोबरच होतं. तेव्हाच्या डिस्कमध्ये चकती गरगर फिरायची आणि तिच्यावर केसाच्या अंतराने एक सुई तरंगत असायची. कमरेच्या उंचीवरून पडली तरी खेळ खलास. मामा डिस्क कानाशी धरून ऐकायचे. 'ही खोकतेय,' म्हणायचे, 'आठ दिवस.' आणि आठव्या दिवशी ती जायची. मला आवाज ओळखायला दोन वर्षं लागली. त्या काळात माझ्या हातून एक पडली होती. ट्रे वळवताना कोपरा लागला, फरशीवर टण् असा आवाज झाला, आणि मी वाकून उचलली तेव्हा आत वाळूसारखं काहीतरी सरकलं. कुणी पाहिलं नव्हतं. मी स्वतः गेले, स्वतः सात लिहिला, स्वतः सही केली. पुढच्या वर्षी अजून एकदा. चोवीस वर्षांत माझे दोन सात, दोन्ही माझे, दोन्हींची तारीख मला पाठ आहे. मामा तेव्हा म्हणाले होते, 'पडली तर पडली म्हणायचं पोरी. नाही पडली तर देव आला तरी पडली म्हणायचं नाही.' मामा गेले, फिरणाऱ्या चकत्या गेल्या, आणि या गप्प, न खोकणाऱ्या, काही न सांगता एक दिवस सगळं विसरणाऱ्या डिस्क आल्या. फॉर्म मात्र मामांच्या वेळचाच राहिला. बारा कारणं, बारा नंबर, आणि सातवं 'हाताळताना पडली'.

दुपारपर्यंत मी ओव्हनच्या काचेसमोर बसून होते. आत सहासष्ट अंश आणि बाहेर मी. काचेत माझे हात दिसत होते. बोटं आखूड, नखं कापलेली, उजव्या मनगटाला अंगातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या पट्ट्याचा वळ. हे हात चोवीस वर्षं ज्या वस्तू धरत आले त्या वस्तू कुणा-कुणाच्या घरी गेल्या असतील ते मला माहीत नाही, पण कधी कधी मी त्या माणसांची कल्पना करते. कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाचा आवाज त्यात ठेवला असेल. कपाट बंद केलं असेल, नीट राहावं म्हणून मऊ कापडात गुंडाळून. वर्षाने उघडेल, आणि डिस्क निर्लज्जपणे म्हणेल, मला काही माहीत नाही. तो माणूस स्वतःलाच दोष देईल. माझ्याच हातून काही झालं असेल, म्हणेल. लोक असंच म्हणतात. निदान आमच्या घरात तरी असंच म्हणायची पद्धत होती.

बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. सुट्टीच्या दिवशी ते शाळेतला सूक्ष्मदर्शक पुसायला घरी आणायचे, लाकडी पेटीतून, मांडीवर मूल घ्यावं तसा बसमध्ये मांडीवर घेऊन. खिडकीपाशी सतरंजी टाकायचे आणि मला बोलवायचे, दादाला नाही. एक हात मानेला आणि एक हात बुडाखाली, असं धरायचं. भिंगावर फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. तोंड उघडून नुसता श्वास सोडायचा, आणि धुकं धरलं की मलमलीने आतून बाहेर, गोल गोल. 'श्वास सोड,' बाबा म्हणायचे, आणि मी सोडायची. आमच्या घरात जागा कमी, माणसं जास्त, पण सुट्टीच्या सकाळी त्या सतरंजीवर मला माझी अशी जागा होती. त्या दिवशी बाबा दूध आणायला गेले होते. दादाला माशीचा पंख बघायचा होता. त्याने एका हाताने, नुसत्या मानेला धरून सूक्ष्मदर्शक उचलला, मी नको नको म्हणते आहे तोवर तो बुडाकडून कलला आणि पडला. भिंग उभं तडकलं. दादा चौदा वर्षांचा होता, आठवड्यावर परीक्षा होती, आणि तो भिंतीला टेकून नुसता थरथरत होता. आई कणकेच्या हाताने आली. तिने पाहिलं, तिला सगळं कळलं, आणि तिने दादाकडे न जाता माझं मनगट धरलं. 'तू म्हण. तू लहान आहेस, तुला कोणी काही म्हणणार नाही.' मी जेवताना म्हटलं. बाबा रागावले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत राहिले, जणू ते हात त्यांनी आधी कधी नीट बघितलेच नव्हते. मग त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून माझ्यापासून लांब ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत गेले आणि 'माझ्या हातून पडला' असं लिहून देऊन आले. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. दादाचं मी घेतलं, माझं बाबांनी घेतलं, आणि जो पाडणारा तो परीक्षेत पहिला आला. पुढच्या सुट्टीला सतरंजी पडली, पेटी उघडली, मी नेहमीसारखी जाऊन उभी राहिले. बाबा मलमलीचा तुकडा हातात घेऊन म्हणाले, 'तू अभ्यास कर.' एवढंच. पुढे ते कधी रागाने बोलले नाहीत, लाडही तसेच केले, पण ती सतरंजी संपली. मी दारात उभी राहून त्यांचं श्वास सोडणं ऐकत असे. आणि घरात मी 'वेंधळी' झाले. काचेचं काही असलं की, 'वेंधळीकडे देऊ नका गं.' पाहुण्यांसमोर, हसत हसत. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा समोरच्या बाईलाही आईने ते कौतुकाने सांगितलं. मी एवढी वर्षं नाजूक वस्तू धरण्याचंच काम का करते हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. बाबा गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता, दोन्ही हातांनी धरलेला, एक वर आणि एक खाली. तेव्हाही मी सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं. दादा समोर उभा होता.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. रोज येतो. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिला दिसायला लागलं आहे, पण सापडत काही नाही.

'अगं, त्या उभ्या डब्याचं लाल झाकण कुठे ठेवलंस?'

'ओट्याखाली बघ. आई, एक विचारू? बाबांच्या शाळेचा सूक्ष्मदर्शक कुणी पाडला होता?'

'आता हे काय मध्येच?'

'सांग ना.'

'तूच की,' आई म्हणाली. जराही न अडखळता, भाजीचा भाव सांगावा तशी. 'वेंधळी ती वेंधळीच. दादाची परीक्षा होती ना तेव्हा.'

दादाच्या परीक्षेचा इथे काय संबंध, हे मी विचारलं नाही, आणि मी विचारलं नाही हे तिला ऐकू गेलं. फोनमध्ये तिचा श्वास येत होता. एकेचाळीस वर्षं. मला वाटत होतं ती विसरली असेल, इतक्यांदा वेंधळी म्हणून म्हणून तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं असेल. पण नाही. वरचं सगळं पुसून नवं लिहिलं होतं आणि खाली जुनं जसंच्या तसं होतं. 'ओट्याखाली नाहीये झाकण,' ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी डबा न खाता बंद केला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी इतकी भडकले होते की हात अगदी स्थिर झाले होते.

चारला हेड ऑफिसच्या बाई आल्या. पांढरे केस, बारीक कापलेले, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. बैठक प्रयोगशाळेतल्याच कोपऱ्यातल्या टेबलावर होती, वाचनाच्या मशिनशेजारी. साहेबांनी फाइल पुढे सरकवली. बाईंनी फॉर्म वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

'या तिन्ही तुमच्या हातून पडल्या?'

'मॅडम आमच्या सगळ्यात जुन्या,' साहेब मध्येच म्हणाले, 'पण होतं कधी कधी, सरासरी बघितली तर...'

'नाही,' मी म्हटलं.

माझा आवाज मोठा झाला होता. ओव्हनपाशी काम करणारे दोघं वळून बघायला लागले. मी उठले, ट्रेमधून बावीस नंबरची डिस्क काढली. तळहातात मावेल एवढी, पातळ, वजन म्हणाल तर चमचाभर. 'ही त्याच तुकडीतली. काल दोनदा वाचलीय, अक्षर न अक्षर नीट आहे. कागद फाइलीत आहे, बघा.' बाईंनी बघितला. मग मी हात पुढे केला आणि बोटं उघडली.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. डिस्क फरशीवर आपटली, एकदा उसळली आणि टेबलाच्या पायाशी जाऊन पडली. मी वाकून उचलली. 'ही अठराची,' मी म्हटलं. खांद्याएवढा हात वर केला आणि पुन्हा सोडली. 'ही एकेचाळिसाची.' मग मी स्टूल ओढलं. बावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, साडीचा पदर खोचला आणि स्टुलावर चढले. तिथून पहिल्यांदाच मला ओव्हनच्या डोक्यावरची धूळ दिसली. 'अहो मॅडम, उतरा, पडाल,' साहेब म्हणाले. मला इतकं हसू आलं म्हणून सांगू. 'मी पडले तर सात लिहा,' मी म्हटलं, 'आणि ही त्रेसष्टाची.' आणि छताजवळून सोडली. पत्र्याचा एक कोपरा चेपला. मी खाली उतरले, डिस्क पदराने पुसली आणि मशिनला लावली.

'जुन्या डिस्क पडल्या की मरायच्या. हिच्या आत हलणारं काही नाही, मग आपटून मोडणार काय?' मी म्हटलं. 'आता वाचू द्या.'

संपूर्ण डिस्क वाचायला वीस मिनिटं लागतात. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत असते आणि तिच्या उजवीकडे चुकांचा आकडा. शून्य होता. साहेब चहा मागवू का म्हणाले. मी पट्टीकडे बघत बसले आणि मला एकदम भीती वाटली. खरी भीती. लाखात एखादीचा सांधा आत निखळू शकतो. ही नेमकी ती निघाली तर? तर मी सगळ्यांसमोर स्टुलावर चढून माझा गुन्हा स्वतःच करून दाखवला असं होईल, उद्या हे टेबल माझं नसेल, मी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत कागदांना छिद्रं पाडत बसेन आणि दुसऱ्याच कुणाचं डिस्क धरणं बघत राहीन. दारात उभी असल्यासारखी. मी तोंड उघडून हळूच श्वास सोडला. मग वाटलं, असू दे. निघाली तर निघाली. ही तरी मी खरोखर पाडलीय. ही पाडल्याची सही मी आनंदाने करीन, मोठ्या अक्षरात. न पाडलेल्याची मात्र करणार नाही. एकदा केली, अकरा वर्षांची होते, लोक जेवायचे थांबले होते. आता कुणाला भूक लागली असेल तर त्याने जेवून घ्यावं.

पट्टी शेवटाला पोचली. चुका शून्य. साहेबांनी सुस्कारा सोडला, चांगुलपणानेच सोडला असेल. 'ठीक आहे, कळलं,' म्हणाले आणि मशिन बंद करायला हात पुढे केला.

'थांबा,' मी म्हटलं. 'दुसरं वाचन राहिलंय.'

'अहो, अजून वीस मिनिटं?'

'नियम आहे,' बाई म्हणाल्या. साडेतीन तासांच्या प्रवासातून आलेली ती बाई पेनाचं टोपण लावून हाताची घडी घालून बसली. आम्ही सगळे बसलो. दुसऱ्या वाचनातही शून्य आला. तेव्हा मी फॉर्म ओढला आणि सातावर आडवी रेघ मारली, कागद फाटेल इतकी जोरात.

'मग कारण काय लिहिणार?' बाईंनी विचारलं. 'बारापैकी कुठलं?'

मी तक्ता वरून खाली पाहिला. चकती घासली, सुई अडकली, पाणी शिरलं, पडली. विसरण्याला नंबरच नव्हता. मामांच्या काळात डिस्क मरायच्या, अशा विसरायच्या नाहीत. मी बाराच्या खाली हाताने तेरा लिहिला आणि पुढे लिहिलं : 'वीज काढून ठेवल्यावर विसरली. पडली नाही.' तिन्ही नंबरांपुढे तेरा घातले आणि खाली सही केली. साहेब म्हणाले, असं आपल्या मनाने कारण वाढवता येत नाही, त्याला पद्धत आहे, वर मंजुरी लागते. बाई म्हणाल्या, 'हे मी वर नेईन. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही, तुम्हाला त्रासही होईल.' मी म्हटलं, होऊ दे. त्यांनी माझ्या सहीशेजारी आपली सही केली. जाताना बावीस नंबरची डिस्क त्यांनी हातात घेतली, चेपलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि मला परत दिली. मी ती एका हातानेच घेतली.

बाहेरच्या जिन्यात फोन वाजला.

'सापडलं झाकण,' आई म्हणाली. 'फ्रिजवर होतं. मीच ठेवलं असणार.'

'आई, तो सूक्ष्मदर्शक मी पाडला नव्हता.'

जिन्यात वरून कुणीतरी उतरत होतं, मी बाजूला झाले नाही. माझ्या बाजूने उतरून गेलं.

'घरी ये, मग बोलू,' आई म्हणाली.

'नाही. आत्ता. तू म्हण.'

'मी काय म्हणू?'

'कुणी पाडला ते.'

मी वाट बघितली. वाट बघण्याचाच तर मला पगार मिळतो. मग आई म्हणाली, इतकं हळू की मला दुसरा कान दाबून धरावा लागला, 'तू नाही पाडलास. दादाने पाडला. तुझ्या बाबांना मी सांगायला हवं होतं.'

भिंतीचा गार चुना माझ्या पाठीला लागत होता. डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत.

'आई,' मी म्हटलं, 'पुन्हा एकदा म्हण.'